ड्राइव्हचा चार्जिंग रेझिस्टर पुन्हा पुन्हा जळतोय? आधी ज्यूल मोजा, मग वॅट

तक्रार नेहमी सारखीच असते. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा डिस्प्ले येत नाही म्हणून झाकण उघडलं, तर डीसी बसच्या (रेक्टिफायरने एसीचं डीसी केल्यावर ते कपॅसिटरवर साठतं त्या भागाच्या) वाटेतला पांढरा सिमेंट रेझिस्टर तडकलेला. त्याच ओहमचा दुसरा लावला, ड्राइव्ह चालू झाला. आठवड्याने, कधी दुसऱ्याच दिवशी, पुन्हा तोच वास. मग कुणीतरी २० वॅटच्या जागी ५० वॅटचा लावतो, कुणी १०० ओहमऐवजी २२ ओहमचा. कुणी तर सरळ वायरचा तुकडा मारून मोकळा होतो, आणि पुढच्या वेळी रेक्टिफायर उडतो.

चालू करताना रिकाम्या कपॅसिटरमध्ये एकदम घुसणारा करंट रोखणारा हा चार्जिंग रेझिस्टर क्वचितच स्वतःच्या दोषाने जळतो. त्याच्यावर किती ऊर्जा पडते आणि ती किती वेळात पडते, हे कागदावर मांडलं की बाकीचं शोधणं बरंच सोपं होतं.

उदाहरणाला ३० एचपी म्हणजे २२ किलोवॅटचा, ४१५ व्होल्ट थ्री फेजवर चालणारा ड्राइव्ह घेऊ. बसवर २२०० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचे चार कपॅसिटर आहेत: दोन सिरीजमध्ये आणि अशा दोन जोड्या समांतर. एकूण कपॅसिटन्स पुन्हा २२०० मायक्रोफॅरडच, पण आता ८०० व्होल्ट सोसणारं. चार्जिंग रेझिस्टर १०० ओहमचा आणि त्याला समांतर बायपास रिले, जो बस भरल्यावर रेझिस्टरला वगळून करंटला थेट वाट देतो. तुमच्या ड्राइव्हचे आकडे वेगळे असतील, हिशोब हाच राहील.

आधी जीव सांभाळा

या बसवर ५८७ व्होल्ट डीसी असतात. सप्लाय काढल्यावर कपॅसिटरना समांतर असलेले बॅलन्स रेझिस्टर त्यांना रिकामं करतात. ४७ किलोओहमचे दोन सिरीजमध्ये धरले, तर टाइम कॉन्स्टंट (रोध × कपॅसिटन्स) साधारण २०७ सेकंद येतो. ५८७ वरून ५० व्होल्टवर यायला साडेआठ मिनिटं लागतात. आतला एसएमपीएस (कंट्रोलला वीज देणारा छोटा पॉवर सप्लाय) सुरुवातीला बरीच ऊर्जा पितो म्हणून प्रत्यक्षात वेळ कमी लागतो, पण बॅलन्स रेझिस्टर तुटलेला असेल तर तासानेही बस भरलेली सापडते. झाकणावरच्या मिनिटांच्या सूचनेपेक्षा १००० व्होल्ट डीसीच्या मीटरवर विश्वास ठेवा. बस रिकामी करायची तर २३० व्होल्टचे तीन फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये जोडून करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, कारण पावणेचारशे ज्यूल एका ठिणगीत सुटले की टर्मिनलचं धातू उडतं आणि कपॅसिटरच्या आतली जोडणीही दुखावते.

निम्मी ऊर्जा रेझिस्टरमध्येच जाते

रिकामी बस ५८७ व्होल्टपर्यंत भरायला १.२९ कूलोम चार्ज लागतो. तो सगळा ५८७ व्होल्टच्या दाबाने ढकलला जातो, म्हणून सप्लायने केलेलं कार्य झालं सुमारे ७५८ ज्यूल. कपॅसिटरमध्ये साठते ती ऊर्जा मात्र ½ × कपॅसिटन्स × व्होल्टेजचा वर्ग, म्हणजे ३७९ ज्यूल. उरलेले ३७९ ज्यूल वाटेत उष्णता होऊन जातात. कपॅसिटरचा अंतर्गत रोध ओहमच्या लहानशा अंशाचा आणि रेझिस्टर १०० ओहमचा, त्यामुळे ही उष्णता जवळजवळ सगळी रेझिस्टरच्या वाट्याला येते.

या हिशोबात ओहम कुठेच आला नाही. बऱ्याच दुरुस्त्या इथेच चुकतात. १०० ओहम लावा, २२ लावा की २२० लावा, एका पूर्ण चार्जिंगला रेझिस्टरमध्ये ३७९ ज्यूलच जिरतात. रोध कमी केला की करंट वाढतो पण वेळ घटतो, वाढवला की उलट. गुणाकार तोच. रोध अगदी शून्याकडे नेला तरी ही ऊर्जा नाहीशी होत नाही. ती काँटॅक्टच्या ठिणगीत, डायोडमध्ये, केबलमध्ये आणि कपॅसिटरच्या पोटात जाते. वायरचा तुकडा मारणाऱ्याचा रेक्टिफायर उडतो तो यामुळेच.

ओहमने बदलतो तो वेग. १०० ओहमला पहिल्या क्षणाचा करंट ५.८७ अँपिअर, म्हणजे त्या क्षणाची पॉवर ३.४ किलोवॅट. टाइम कॉन्स्टंट ०.२२ सेकंद, आणि साधारण १.१ सेकंदात काम संपतं. २२ ओहमला करंट २६.७ अँपिअर, क्षणिक पॉवर १५.७ किलोवॅट, टाइम कॉन्स्टंट ०.०५ सेकंदाच्या आत. उष्णता तेवढीच, पण सिमेंटपर्यंत पसरायला वेळच नाही. ती सगळी आतल्या तारेत अडकते.

आता त्या तारेचं वजन बघा. आत २ ग्रॅम नायक्रोम असेल, तर एका अंशाला साधारण ०.९ ज्यूल लागतात. ३७९ ज्यूल बाहेर न जाता तारेतच राहिले, तर तापमान एका झटक्यात सुमारे ४२० अंशांनी चढतं. अशा झटक्यांनी तार प्रसरण पावते, आकुंचते आणि टोकाच्या टोपीशी जिथे वेल्ड केलेली असते तिथे एक दिवस सुटते. बाहेरून रेझिस्टर ठणठणीत दिसतो, मीटरवर मात्र ओपन. असा रेझिस्टर झटक्याने मेला असं समजावं. सिमेंट काळं पडलं असेल, तडकलं असेल, आजूबाजूचा बोर्ड करपला असेल, तर त्यातून बराच वेळ करंट वाहत होता. ही दोन मरणं वेगळी आहेत आणि त्यांचा शोधही वेगळा आहे. म्हणून जुना रेझिस्टर फेकायच्या आधी नीट बघा.

कधी जळतो, ते आधी विचारा

ऑपरेटरला एवढंच विचारायचं: मेन ऑन करताच जळला, मोटर फिरवल्यावर जळला, की बरेच दिवस चालून मग? उत्तरानुसार रस्ता बदलतो.

*ऑन करताच धूर, डिस्प्ले येतच नाही.* बस भरतच नाही, म्हणजे पलीकडे काहीतरी शॉर्ट आहे. आयजीबीटी मॉड्यूल (बसवरून मोटरला वीज देणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट असेल तर रेझिस्टरवर सगळं व्होल्टेज सतत राहतं: सुमारे साडेपाच अँपिअर आणि तीन किलोवॅटहून जास्त. इनपुटचा फ्यूज ६३ अँपिअरचा असेल, तर त्याला साडेपाच अँपिअरची दखलही नाही. फ्यूज शाबूत आहे म्हणजे शॉर्ट नाही, असं मानून नवा रेझिस्टर लावला जातो आणि तोही काही सेकंदांत जातो. या सर्किटमध्ये रेझिस्टर स्वतःच फ्यूजचं काम करून बसतो.

यातलाच एक प्रकार हमखास नजरेतून सुटतो: ब्रेक चॉपरचा, म्हणजे मोटर थांबवताना बसवर येणारी जास्तीची ऊर्जा ब्रेक रेझिस्टरमध्ये सोडणाऱ्या स्विचचा, आयजीबीटी शॉर्ट होणं. तेव्हा बाहेरचा ब्रेक रेझिस्टर कायमचा बसवर येतो. तो ३० ओहमचा असेल, तर १०० आणि ३० ओहममध्ये व्होल्टेज वाटलं जातं. बस सुमारे १३० व्होल्टवर अडकते आणि चार्जिंग रेझिस्टरमध्ये जवळपास दोन किलोवॅट जिरतात. बस शून्यावर नाही, म्हणून शॉर्टची शंका येत नाही. एसएमपीएस एवढ्या कमी व्होल्टेजवर सुरू होत नाही, म्हणून डिस्प्लेही नाही. ब्रेक रेझिस्टरची एक वायर काढा आणि पुन्हा तपासा. बस भरली तर गुन्हेगार सापडला.

*डिस्प्ले येतो, मोटर फिरवली की अंडरव्होल्टेज ट्रिप, मग रेझिस्टर जातो.* इथे बायपास रिले लागत नाही, किंवा लागतो पण त्याचे काँटॅक्ट जळालेले आहेत. बसवरचं सगळं काम १०० ओहममधून चाललंय. मोटर मोठ्या लोडवर असेल तर बस लगेच कोसळते आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. त्यात रेझिस्टर बऱ्याचदा वाचतो. खरा धोका हलक्या लोडचा आहे. १०० ओहममधून पलीकडे जास्तीत जास्त ७८४ वॅट पोचू शकतात, तेही बस निम्म्यावर, म्हणजे २८० व्होल्टवर आल्यावर (करंट सतत वाहत असताना सप्लायचं सरासरी व्होल्टेज ५८७ नाही, ५६० च्या आसपास धरावं लागतं). पण मोटर हळू फिरतेय आणि ४०० वॅटच मागतेय, असं धरा. मग बस ४७६ व्होल्टवर टिकते, ट्रिप येत नाही आणि रेझिस्टरमध्ये सतत ७० वॅट जिरत राहतात. २० वॅटचा रेझिस्टर त्यात काही मिनिटांत करपतो. "हळू चालवली तर चालते, स्पीड वाढवला की ट्रिप होते" हे वाक्य ऐकलं की थेट रिलेकडे जा.

*महिनोन्महिने चालतो, मग जातो, नवाही तसाच जातो.* इथे दोष बहुधा ऊर्जेच्या हिशोबात असतो. त्याकडे पुढे वळू.

तपासणीचा क्रम

सप्लाय बंद, बस शून्यावर आलेली, मोटरच्या वायरी काढलेल्या.

चार्जिंग रेझिस्टर तुटलेला नसेल, तर त्याची एक बाजू सोडवून रिलेच्या काँटॅक्टवर ओहम मोजा. रिले बंद असताना तिथे ओपन दिसायला हवं. शून्य दिसलं तर काँटॅक्ट चिकटले आहेत. तेव्हा रेझिस्टर वाटेत कधी येतच नव्हता आणि पुढचा बळी रेक्टिफायर असेल. असा रिले ठोकून सोडवायचा नाही, बदलायचा.

मीटर डायोडवर ठेवून लाल प्रोब डीसी मायनसला आणि काळा डीसी प्लसला लावा. चांगल्या मॉड्यूलवर साधारण ०.७ ते ०.९ व्होल्ट दिसतात. उलट लावल्यावर आकडा हळूहळू चढत जाऊन ओपन व्हायला हवा, कारण कपॅसिटर भरतो. दोन्हीकडे शून्याच्या आसपास दिसलं तर शॉर्ट आहे. हीच तपासणी तीनही आउटपुट टर्मिनलांवर आणि ब्रेकच्या टर्मिनलवरही करा.

मग कपॅसिटर. हातातला छोटा मीटर एवढं मोठं कपॅसिटन्स बऱ्याचदा दाखवत नाही, पण घड्याळ दाखवतं. ४८ व्होल्टचा डीसी सप्लाय २.२ किलोओहम, २ वॅटच्या रेझिस्टरमधून डीसी प्लस आणि मायनसला द्या आणि स्टॉपवॉच लावा. २२०० मायक्रोफॅरडला ३० व्होल्टवर पोचायला साधारण ४.८ सेकंद लागतात. साडेतीन सेकंदांतच पोचलं तर कपॅसिटर १६०० च्या आसपास सुकलेत. सुकलेले कपॅसिटर चार्जिंग रेझिस्टरला त्रास देत नाहीत, उलट त्याचं ओझं कमी करतात, पण त्यांच्यावर ड्राइव्ह फार काळ चालणार नाही. शेवटी बस ४७ व्होल्टजवळ स्थिरावायला हवी. ४० वरच अडली तर कुठेतरी साडेतीन मिलीअँपिअरच्या आसपास गळती आहे. मात्र ४८ व्होल्टवर गळती नसली म्हणजे ५८७ वर नसेलच, असं धरू नका. इलेक्ट्रोलिटिकची गळती वरच्या व्होल्टेजला झपाट्याने वाढते.

यानंतर सिरीज बल्ब. २३० व्होल्टचा फेज १०० वॅटच्या फिलामेंट बल्बमधून इनपुटच्या आर टर्मिनलला, न्यूट्रल एस टर्मिनलला. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला आणि बस ३२५ व्होल्टकडे गेली, तर पलीकडे शॉर्ट नाही. बल्ब पेटलेलाच राहिला, तर रेझिस्टर वाचला असं समजा आणि पुन्हा मॉड्यूलकडे जा. फेज फेल्युअर किंवा अंडरव्होल्टेजचा फॉल्ट या चाचणीत येणारच, तिकडे दुर्लक्ष करा. मोटर चालवून बघायचा मोह टाळा.

रिलेकडे बघताना कॉइलपासून सुरुवात करा. २४ व्होल्टचा रिले ओढायला साधारण १८ ते १९ व्होल्ट लागतात. एसएमपीएसच्या दुय्यम बाजूचा छोटा कपॅसिटर सुकला की २४ चे १७ होतात: डिस्प्ले चालतो, रिले ओढत नाही. आणखी एक गंमत म्हणजे पंखा. कूलिंग फॅन बहुधा त्याच २४ व्होल्टवर असतो. पिठाच्या गिरणीत किंवा सूत उडणाऱ्या शेडमध्ये पंख्यात पीठ, तंतू अडकतात, तो जाम होऊन जास्त करंट ओढतो आणि सगळं २४ व्होल्ट खाली खेचतो. पंख्याचा कनेक्टर काढून कॉइलवरचं व्होल्टेज पुन्हा मोजा. ते एकदम वर आलं तर रिले, बोर्ड, कपॅसिटर काहीही बदलायचं नाही, पंखा बदलायचा.

कॉइल ठीक असेल, तर मोटर लोडवर चालू असताना चार्जिंग रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा. प्रोबवर क्लिप लावून, सप्लाय द्यायच्या आधीच. चांगल्या काँटॅक्टवर हे अर्ध्या व्होल्टच्या आतच असतं. चार-पाच व्होल्ट दिसले तर काँटॅक्ट गेले. रिले टिकटिक वाजतो म्हणून तो चांगला, हा पुरावा नाही.

रिले लवकर लागला तर

बस पूर्ण भरायच्या आत रिले लागला, तर उरलेल्या व्होल्टेजच्या फरकाचा हिशोब काँटॅक्टना चुकता करावा लागतो. एका व्होल्टेजवरून दुसऱ्यावर चार्ज करताना वाया जाणारी ऊर्जा असते ½ × कपॅसिटन्स × फरकाचा वर्ग. लक्ष द्या, वर्गांचा फरक नव्हे, फरकाचा वर्ग.

बस ९५ टक्क्यांवर असताना रिले लागला, तर फरक २९ व्होल्टचा आणि नुकसान एका ज्यूलहून कमी. काँटॅक्टला ते कळतही नाही. ८० टक्क्यांवर लागला तर ११७ व्होल्ट, १५ ज्यूल. निम्म्यावर लागला तर ९५ ज्यूल. वाटेत फक्त केबल आणि डायोडचा रोध असल्यामुळे करंट शेकडो अँपिअरवर जातो आणि काँटॅक्ट चिकटतात.

म्हणूनच ओहम वाढवून रेझिस्टर वाचवायची युक्ती अर्धवट आहे. १०० च्या जागी २२० ओहम लावले, तर क्षणिक पॉवर ३.४ वरून १.६ किलोवॅटच्या खाली येते. तारेला बरं वाटतं. पण टाइम कॉन्स्टंट ०.४८ सेकंद होतो. ड्राइव्ह बसचं व्होल्टेज बघून रिले लावत असेल तर अडचण नाही. तो ठरलेल्या वेळेवर, समजा ०.७ सेकंदावर लावत असेल, तर त्या क्षणी पूर्वी २४ व्होल्ट उरायचे, आता १३८ उरतात. काँटॅक्टवर पडणारी ऊर्जा ०.६५ वरून २१ ज्यूल होते, तीस पटींहून जास्त. रेझिस्टर वाचला, रिले गेला. आपला ड्राइव्ह कोणत्या प्रकारचा आहे हे कळल्याशिवाय ओहम बदलू नका.

लाइट येण्या-जाण्याचा प्रश्नही याच सूत्राने उलगडतो. सतत ऑन-ऑफने रेझिस्टर जळतो असं सर्रास म्हटलं जातं आणि गुणाकारही ३७९ ने केला जातो. तो बरोबर नाही. लाइट गेल्यावर एसएमपीएस ३० वॅट ओढत असेल, तर बस ५८७ वरून ३०० वर यायला साधारण ९ सेकंद लागतात. तेवढ्यात लाइट परत आली, तर वाया जातात फक्त ९० ज्यूल. पण कंट्रोल अजून जिवंत आहे आणि रिले लागलेलाच असेल, तर हे ९० ज्यूल रेझिस्टरमधून जातच नाहीत. ते थेट रेक्टिफायर, काँटॅक्ट आणि कपॅसिटरवर आदळतात. म्हणजे फीडर पटकन ट्रिप होऊन लगेच परत येतो तिथे रेक्टिफायर आणि रिले जातात. मेन बराच वेळ बंद राहून पुन्हा लागतो तिथे पूर्ण धक्का रेझिस्टर खातो. फॉल्ट कुठे पडलाय त्यावरून लाइट कशी जाते याचा अंदाज बांधता येतो.

पहिल्या प्रकारावर इलाज म्हणजे इनपुटच्या काँटॅक्टरला पुन्हा लागण्यापूर्वी टायमरने उशीर देणं. बस पूर्ण उतरायची वाट बघायची नाही, फक्त रिले नक्की सुटेल एवढा वेळ हवा. वरच्या उदाहरणात ६० सेकंद पुरेसे आहेत. मोटर बंद-चालू करायला मेन काँटॅक्टर वापरायची सवय असेल तर तीही मोडा. त्यासाठी ड्राइव्हचं रन टर्मिनल असतं.

बदली रेझिस्टर निवडताना

छापील आकड्यांवर नको, सगळ्यात वाईट आकड्यांवर हिशोब करा. कपॅसिटरची सहनसीमा २० टक्के धरली तर २६४० मायक्रोफॅरड. सप्लाय १० टक्के वर, म्हणजे ४५६ व्होल्ट, तर बस ६४५ व्होल्ट. ऊर्जा ३७९ नाही, ५५० ज्यूल. रात्री लोड कमी झाल्यावर व्होल्टेज चढतं त्या भागात हा आकडा काल्पनिक नाही.

वाइंडिंगच्या साध्या रेझिस्टरांच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा असं लिहिलेलं असतं: ठरलेल्या वॅटच्या पाचपट, पाच सेकंद. म्हणजे २० वॅटचा ५०० ज्यूल, ५० वॅटचा १२५० ज्यूल. २० वॅटचा इथे कागदावरच नापास होतो. ५० वॅटचा एक पूर्ण धक्का आणि लगोलग आलेला दुसराही सोसतो. पण आपला धक्का पाच सेकंदांचा नाही, पाव सेकंदाच्या टाइम कॉन्स्टंटचा आहे. म्हणून पत्रकातला अल्पकाळाचा आलेख बघा, किंवा ज्यावर ज्यूल छापलेत असाच रेझिस्टर घ्या. सिमेंटचा, ॲल्युमिनियमच्या खोळीतला आणि चिनीमातीच्या नळीवर गुंडाळलेला असे तीन ५० वॅटचे रेझिस्टर धक्का सोसण्यात सारखे नसतात. खोळीतल्या रेझिस्टरचे वॅट तर हीटसिंकवर बसवल्यावरचे असतात, आणि एवढ्या कमी वेळात हीटसिंकचा उपयोग जवळजवळ शून्य.

एकाऐवजी दोन वापरणं केव्हाही चांगलं. ४७ ओहमचे दोन सिरीजमध्ये लावले, तर ऊर्जा निम्मी-निम्मी वाटली जाते आणि प्रत्येकावर व्होल्टेजही निम्मं येतं. २२० ओहमचे दोन समांतर लावले तरी ऊर्जा तशीच वाटली जाते, पण व्होल्टेज दोघांवर पूर्ण पडतं. सिरीजच बरी. बोर्डापासून किमान दीड-दोन सेंटिमीटर उंच आणि कपॅसिटरपासून शक्य तितके दूर बसवा. मूळ रेझिस्टरला थर्मल कटआउट असेल तर नव्यालाही हवाच.

पीटीसी लावता आला तर आणखी उत्तम. बस शॉर्ट असेल तर तो तापून स्वतःचा रोध वाढवतो आणि करंट मिलीअँपिअरमध्ये आणून ठेवतो. धूर नाही, आग नाही. अट एवढीच की त्याचे ज्यूल आणि कमाल व्होल्टेज बघून घ्यायचे, आणि तापल्यावर थंड व्हायला काही मिनिटं द्यायची. तेवढ्यात पुन्हा ऑन केलं तर बस भरणार नाही, आणि ड्राइव्ह पुन्हा बिघडला असं वाटेल.

दुरुस्तीत कपॅसिटर बदलले असतील तर तेही तपासा. २२०० मिळाले नाहीत म्हणून ३३०० चे बसवले, "जास्त असलेलं चांगलंच" म्हणून, तर रेझिस्टरवरचा धक्का ३७९ वरून ५६८ ज्यूल होतो. बस जास्त गुळगुळीत झाली हे खरं, पण रेझिस्टरला त्याची किंमत प्रत्येक वेळी मोजावी लागते.

वर्ष-दोन वर्षं पडून असलेला ड्राइव्ह

गोदामात पडून असलेल्या ड्राइव्हमध्ये कपॅसिटरचा आतला ऑक्साइडचा थर विरळ झालेला असतो. थेट ४१५ दिले की गळती वाढते, कपॅसिटर तापतो आणि रेझिस्टरही. अशा वेळी व्हेरिअॅकने (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) २५, ५०, ७५ आणि १०० टक्के अशा पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीवर अर्धा तास ठेवून चढवा. दोन वर्षांहून अधिक पडून असेल तर प्रत्येक पायरीला दोन तास द्या.

यात रेझिस्टर गार राहतो, त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. निम्मी ऊर्जा वाया जाणं हा कपॅसिटरचा स्वभाव नाही. पूर्ण व्होल्टेजचा सप्लाय एकदम जोडल्याचा तो परिणाम आहे. दोन समान पायऱ्यांत चार्ज केलं तर नुकसान निम्मं, चार पायऱ्यांत चौथाई. व्हेरिअॅक एका मिनिटात सावकाश शून्यापासून वर नेला, तर रेझिस्टरमध्ये ३७९ ऐवजी तीनेक ज्यूलच जिरतात. याच कारणाने व्हेरिअॅकवर चाचणी केलेला कमकुवत रेझिस्टर टेबलावर पास होतो आणि पॅनेलमध्ये पहिल्याच दिवशी जातो. शेवटची चाचणी थेट सप्लायवरच करावी लागते.

फॅब्रिकेशनच्या दुकानातल्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनलाही हेच सगळं लागू आहे. फक्त बस ३२५ व्होल्टची, २००० मायक्रोफॅरडला साधारण १०६ ज्यूल, आणि रेझिस्टरच्या जागी बहुधा पीटीसी किंवा एनटीसी. एनटीसी असेल आणि बायपास रिले नसेल, तर गरम असताना बंद करून लगेच चालू करू नका. गरम एनटीसीचा रोध ओहमच्या अंशावर आलेला असतो आणि तो काहीच अडवत नाही.

बसवल्यावर

रेझिस्टर, रिले, पंखा जे काही बदललं असेल ते झाल्यावर ड्राइव्ह थेट थ्री फेजवर, मोटरशिवाय, तीनदा ऑन करा. दर वेळी बस ५० व्होल्टखाली उतरल्याची मीटरवर खात्री करून मगच पुढचा ऑन. रिलेचा आवाज ऑन केल्यापासून किती वेळाने आला ते ऐका. बसचं स्थिर व्होल्टेज आणि त्याच वेळचं लाइनचं व्होल्टेज लिहून ठेवा. बस लाइनच्या १.४१ पट असायला हवी. मग मोटर जोडून लोडवर रेझिस्टरच्या टोकांमधलं व्होल्टेज, कॉइलवरचं व्होल्टेज आणि अर्ध्या तासाने रेझिस्टरचं तापमान घ्या. चालू ड्राइव्हमध्ये हा रेझिस्टर पॅनेलच्या हवेएवढाच गरम असायला हवा. इन्फ्रारेड थर्मामीटरवर तो आसपासच्या भागांपेक्षा वीस-तीस अंश वर दिसला, तर झाकण लावू नका, त्यातून अजून करंट वाहतोय.